पावसाळ्यात तान्सूचे खण अडकतात? रंधा हातात घेण्याआधी हे बघा

जुलैचा दुसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो, आणि तक्रार एकच असते: "अहो, खण उघडतच नाहीये." गेली सोळा वर्षं मी पुण्यात जपानी धाटणीच्या खणांच्या पेट्या बनवतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. काही मीच सागात केलेल्या असतात, काही दुसऱ्या सुतारांनी फोटो बघून उभ्या केलेल्या. काही अस्सल जपानी असतात. जपानात चार-पाच वर्षं नोकरी करून परतलेल्या कुटुंबांनी घरसामानाबरोबर आणलेल्या. अडकण्याचं दुखणं तिन्हींना होतं, उपाय मात्र तिन्हींना सारखा चालत नाही. चुकीचा उपाय करून बिघडवलेल्या पेट्या मी इतक्या बघितल्या आहेत, की एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवावं असं वाटलं.

ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: तान्सू म्हणजे खणांची जपानी पेटी किंवा कपाट. त्याचे प्रकार पुष्कळ. किमोनो ठेवायचं रुंद, उथळ खणांचं कपाट, औषधवाल्याची बारीक बारीक खणांची पेटी, स्वयंपाकघरातलं मिझुया, जिन्याच्या आकाराचं काइदान-दान्सू, जहाजावरची फुना-दान्सू. जोडशब्दात 'तान्सू'चं 'दान्सू' होतं, एवढाच फरक. या सगळ्यांत खण धातूच्या चॅनेलवर धावत नाहीत. लाकडावर लाकूड सरकतं. तेच त्यांचं सौंदर्य आहे आणि अडकण्याचं मूळही तेच.

आधी लक्षण ओळखा

खण ओढण्यापूर्वी पाच मिनिटं द्या आणि तुमचा खण यातल्या कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवा.

पावसात अडकतो आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळा होतो: लाकूड दमट हवेने फुगतंय. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

बाराही महिने अडकतो आणि दर वेळी एकाच जागी: लेव्हल, वर आलेला खिळा किंवा खचलेला तळ.

अर्ध्यापर्यंत सरळ येतो, मग तिरका होऊन रुततो: बहुतेक वेळा ओढण्याची पद्धत, कधीकधी झिजलेली पट्टी.

रंगकाम, साफसफाई किंवा घरबदल झाल्यानंतर अडकायला लागला: खणांची अदलाबदल.

केसभरही हलत नाही: फुगलेला नसून कुलपात किंवा चोरकडीत असण्याची शक्यता जास्त.

एक खण आत लोटला की दुसरा आपोआप पुढे येतो: हा दोषच नाही. किरी लाकडाच्या उत्तम पेटीत खण इतके नेमके बसवलेले असतात की आत दाबलेली हवा बाहेर जायला जागा शोधते आणि शेजारचा खण पुढे ढकलते. एका गृहस्थांनी हाच "बिघाड" दूर करायला चारही खण घासून घेतले होते. ज्या कारागिराने ती पेटी केली, त्याचं सगळं कसब त्या अर्ध्या मिलिमीटरात होतं. ते परत आणता आलं नाही, आणि ती पेटी आठवली की अजून वाईट वाटतं.

खण कुठल्या दिशेने फुगतो

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कामं चुकायची थांबतात. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. रेषेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ बदलत नाही. रेषेला आडवं, म्हणजे फळीच्या रुंदीत, ते फुगतं आणि आकसतं. खणाच्या चारही फळ्यांची रेषा आडवी धावते. त्यामुळे पावसात खण डावी-उजवीकडे वाढत नाही, तो उंचीत वाढतो. पेटीच्या उभ्या बाजूंची रेषा मात्र उभी असते, म्हणून खणाचं भोक उंचीत वाढत नाही. खण उंच होतो, भोक आहे तेवढंच राहतं, आणि खण वरच्या पट्टीला जाऊन चिकटतो.

सागाचा हिशेब सांगतो. फळी सरळ कापाची असेल, म्हणजे तोंडाला कमानीसारख्या रेषा दिसत असतील, तर लाकडातली ओल एक टक्का वाढली की ती रुंदीत साधारण ०.१९ टक्के वाढते. माझ्या कारखान्यात ओल मोजायचं मीटर एप्रिलमध्ये ८-९ दाखवतं आणि ऑगस्टमध्ये १४-१५. म्हणजे सहा टक्क्यांचा फरक. २०० मिलिमीटर उंच खण या काळात दोन मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. फळी आडव्या कापाची असेल, तोंडाला जवळजवळ सरळ समांतर रेषा असतील, तर वाढ सव्वा मिलिमीटरच्या आसपास राहते. मेमध्ये एक मिलिमीटर मोकळीक ठेवून केलेला सरळ कापाचा खण जुलैत अडकणारच, त्याला कारागीर कितीही चांगला असो.

जपानी लोक खणांसाठी किरी का वापरतात ते इथे कळतं. किरी हलकं, मऊ आणि फार कमी हलणारं लाकूड. मुलगी जन्मली की अंगणात किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याची पेटी करून द्यायची, अशी तिकडे रीत होती. सैतामातलं कासुकाबे आणि निइगातातलं कामो ही गावं आजही किरीच्या पेट्यांसाठी ओळखली जातात. सेंदाई आणि इवायादोच्या पेट्यांना मात्र दर्शनी भाग केयाकी या कठीण लाकडाचा आणि त्यावर लोखंडी कोरीव पत्रे. आपण त्या रूपाची नक्कल सागात करतो तेव्हा मोकळिकीचा हिशेबही सागाचाच करायला हवा. फोटोत तो दिसत नाही.

पहिली तपासणी: काहीही खर्च न करता

सुरुवात ओढण्यापासून. रुंद खणाला दोन कड्या असतात त्या दोन्ही हातांनी ओढण्यासाठी. एका हाताने एकच कडी ओढली की खण कर्णात फिरतो आणि दोन कोपऱ्यांवर रुततो. दोन्ही कड्या धरा, खण किंचित वर उचलल्यासारखा करा आणि सरळ ओढा. आलाच नाही तर डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असं आळीपाळीने, झटका न देता. कडीला दोरी बांधून ओढू नका. कडी ज्या लोखंडी पिनेने अडकवलेली असते तिचे दोन पाय आतून फक्त वाकवलेले असतात. जोर लावला की ते फळी फाडून बाहेर येतात, आणि दर्शनी फळीतलं ते भोक बुजवणं हे खण सोडवण्यापेक्षा चौपट काम आहे. ओढताना इतर खण बंद ठेवा, मुलांना लांब ठेवा. वरचे दोन भरलेले खण उघडे असताना तिसऱ्याला झटका दिला तर अख्खी पेटी अंगावर येऊ शकते.

मग खण आपापल्या जागी आहेत का ते बघा. हाताने केलेल्या पेटीत दिसायला सारखे असणारे खण सारखे नसतात. प्रत्येक खण त्याच्या भोकासाठी घासून बसवलेला असतो. जुन्या जपानी पेट्यांत खणाच्या मागच्या बाजूला शाईने आकडे लिहिलेले सापडतात. वाचायला जपानी यावं लागत नाही: एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चाराची खूण खिडकीच्या चौकटीसारखी, आत दोन पाय. कोथरूडमधल्या एका घरी रंगाऱ्यांनी सगळे खण काढून गॅलरीत ठेवले होते आणि नंतर हाताला येतील तसे लावले. सहा महिने ती पेटी "खराब" होती. मी मागचे आकडे बघून दोन आणि तीनची अदलाबदल केली, आणि खण तळहाताच्या एका दाबाने आत गेला. खुणा नसतील तर प्रत्येक खण प्रत्येक भोकात घालून बघा. वेळखाऊ आहे, पण फुकट आहे.

तिसरी गोष्ट, खणातलं वजन. किरीच्या खणाचा तळ पातळ असतो. त्यात पैठण्या आणि शालू नऊ-दहाच्या चळतीत भरले की तळ मधे झुकतो आणि खालच्या फळीवर घासतो. खण रिकामा करून चालवून बघा. रिकामा मोकळा आणि भरला की अडकत असेल तर उत्तर मिळालं.

आणि जो खण अजिबात हलत नाही, त्याच्याशी झुंजण्याआधी कुलूप. सेंदाई धाटणीच्या पेट्यांत एकाच कुलपाचा लोखंडी दांडा उभा जाऊन दोन-तीन खण अडवतो, असंही असतं. फुना-दान्सू असेल तर आणखी सावध राहा. किनाऱ्याने माल नेणाऱ्या कितामाए जहाजांच्या नाखवांच्या या पेट्या. सादो बेटावरचं ओगी, साकाता आणि मिकुनी ही त्यांची बनवण्याची ठिकाणं. हिशेबाच्या वह्या, शिक्के आणि पैसे त्यांत ठेवायचे, त्यामुळे आत चोरकप्पे असतात. एखादी फळी सरकवल्याशिवाय, एखादी लाकडी खुंटी दाबल्याशिवाय मागचा खण येतच नाही. तो अडकलेला नाही. तो त्याचं काम करतोय.

दुसरी तपासणी: जमीन

पेटीच्या माथ्यावर लेव्हल ठेवा, दोन्ही दिशांनी. लेव्हल नसेल तर फोनमधली चालेल. आपल्याकडे फरशी सहसा बाथरूमच्या किंवा गॅलरीच्या बाजूला उतरती असते. पेटीचा एक पाय तीन-चार मिलिमीटर खाली गेला की सांगाडा किंचित पिळतो, चौकोनी भोकं कलती होतात आणि खण कोपऱ्यात धरतो. भोकाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक दोन मिलिमीटरच्या पुढे असेल तर पेटी पिळलेली आहे. खाली गेलेल्या पायाखाली प्लायची पातळ पाचर द्या. पुठ्ठ्याची घडी देऊ नका, ती पावसात दबते आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच याल.

पेटी दोन भागांची असेल तर वरचा भाग खालच्यावर नीट बसलाय का तेही बघा. बऱ्याच तान्सू अशा दोन तुकड्यांत असतात, आणि बाजूला वर उचलायच्या लोखंडी कड्या असतात, ज्यांतून बांबू घालून दोघं जण पेटी खांद्यावर नेतात. एदोसारख्या (आजचं तोक्यो) लाकडी शहरात आग ही नेहमीची भीती होती. १६५७ च्या मेइरेकी आगीत लोकांनी चाकांच्या पेट्या रस्त्यावर ओढल्या, त्या एकमेकींत अडकून रस्ते बंद झाले, आणि पुढे १६८३ मध्ये मोठ्या शहरांत चाकांच्या पेट्यांवर बंदी आली. पेटी हलवताना त्याच बाजूच्या कड्या धरा. माथ्याची फळी धरून उचललेल्या पेटीचे सांधे ढिले होतात आणि मग लेव्हल करूनही खण सरळ येत नाही.

तिसरी तपासणी: ओल

पेटी कोणत्या भिंतीला लागून आहे? पश्चिमेची, पावसाचा मारा झेलणारी भिंत, किंवा पलीकडे बाथरूम असलेली भिंत असेल तर पेटी आधी तिथून हलवा. मागे चार बोटं हवा खेळायला जागा ठेवा. पेटीच्या मागच्या फळीला हात लावून बघा. गार आणि चिकट लागली तर बाकी सगळे उपाय नंतरचे.

रत्नागिरीतल्या एका घरी मी गेलो तेव्हा ऑगस्टची दुपार होती. पेटीचा वरचा खण नीट चालत होता, तळाचे दोन ठप्प. भिंतीपासून पेटी पुढे ओढली तर मागे जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत पांढरी बुरशी, आणि तिच्या वर भिंत कोरडी. खणांचं दुखणं बुरशीच्या रेघेवर संपत होतं, जणू कुणी पट्टीने आखून दिलंय. घरच्यांनी मात्र खणाच्या कडांना खोबरेल तेल चोपडलं होतं. आठवडाभर थोडं सरकलं, मग तेल लाकडात जिरलं, वर धूळ बसली, आणि आता खण उघडला की खवट वास येत होता. पेटी पूर्वेच्या भिंतीला नेली, खण अर्धवट उघडे ठेवून पंखा लावला. दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला की दोन्ही खण सुटले. मी त्या पेटीला एकही हत्यार लावलं नव्हतं.

दहा दिवस, हे लक्षात घ्या. लाकडात ओल आठवड्यांनी शिरते आणि आठवड्यांनीच निघते. पंखा, एसी, ओल शोषणारं यंत्र, काहीही चालेल. घाई चालणार नाही. हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवणं तर मुळीच नको. एक बाजू झटकन सुकली की फळी वाटीसारखी वाकते, आणि वाकलेली फळी सरळ होईलच याची खात्री नसते. जपानात जूनमध्ये सुरू होणारा त्सुयू पाऊस संपला की कपडे बाहेर काढून सावलीत हवा देण्याची पद्धत आहे, मुशिबोशी म्हणतात. आपल्या आज्या पावसानंतर पेटाऱ्यातल्या साड्यांना हवा दाखवायच्या तेच हे. त्या दिवशी रिकाम्या खणांनाही हवा मिळते, हा फायदा लोक विसरतात.

जाता जाता: खणात डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका. दोन्ही मिळून पाझरतात आणि कपड्यांवर, लाकडावर डाग पडतात.

चौथी: मेण

खण बाहेर आला, कोरडा झाला, तरी जड चालतोय? मग मेण. साधी पांढरी मेणबत्ती घ्या आणि खणाच्या बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडेवर, वरच्या कडेवर आणि पेटीतल्या ज्या पट्टीवर तो सरकतो तिथे घासा. मधमाश्यांचं मेण मिळालं तर आणखी चांगलं. जपानात यासाठी इबोता नावाचं कीटकमेण वापरतात. घासून झालं की सुती कापडाने दाबून पुसा आणि खण दहा-बारा वेळा आतबाहेर करा.

तेल का नको ते वर सांगितलं. साबणही नको, साबण हवेतली ओल ओढतो आणि लाकूड त्या जागी आणखी फुगतं. गंज सोडवणारे फवारे लाकडावर मारू नका. किरीवर त्याचा डाग खोल जातो. किरीचा वरचा रंग म्हणजे बारीक मातीची भुकटी आणि झाडाच्या बोंडांचं पाणी यांचा पातळ थर असतो, तो साध्या ओल्या फडक्यानेही उतरतो. किरीची पेटी कोरड्या मऊ कापडानेच पुसायची.

पाचवी: नेमकं कुठे घासतं

इथपर्यंत येऊन प्रश्न सुटला नसेल तर आता शोध घ्या, अंदाज नको. शाळेतला रंगीत खडू घ्या. खणाच्या चारही कडांवर हलका फासा, खण जाईल तितका आत लोटा आणि बाहेर काढा. जिथला खडू पुसला गेला, तिथे घासतंय. बहुतेक वेळा पुसलेली जागा बाजूच्या फळ्यांच्या वरच्या कडेवर, मागच्या तिसऱ्या हिश्शात सापडते.

दुसरं मोजमाप भोकाचं. बांबूची एक काडी भोकाच्या डाव्या टोकाला बरोबर उभी बसेल अशी कापा. तीच काडी आता मधे उभी करून बघा. मधे ती बसत नसेल, तर खण निर्दोष आहे आणि वरची पट्टी वजनाने खाली आलीय. अशा वेळी खण घासणं म्हणजे पायाला सूज आली म्हणून चप्पल कापणं.

खण उलटा करून तळही बघा. तळाची फळी खोबणीतून सुटून लोंबतेय का? सांध्यांतल्या लाकडी किंवा बांबूच्या मेखा बाहेर डोकावतायत का? कड्यांच्या पिनांचे पाय आतून उभे राहून वरच्या फळीला ओरखडे काढतायत का? बाहेर आलेली मेख लाकडी ठोकळा ठेवून हलकेच आत ठोका. पिनेचे पाय पक्कडने पुन्हा आडवे करा, पक्कडच्या तोंडाला कापड गुंडाळून. लोंबणारा तळ नव्या पेटीत पांढऱ्या गोंदाने चिकटवायला हरकत नाही. जुन्या जपानी पेटीत मात्र तो गोंद नको. तिथे मुळात भाताची खळ असते, जी पुढच्या दुरुस्तीत ओल देऊन सोडवता येते. पांढऱ्या गोंदाने धरलेला सांधा नंतर फोडावाच लागतो.

सागाच्या नव्या पेटीत आणखी एक कारण सापडतं: बाहेरून पॉलिशचे तीन हात, आतून लाकूड कोरं. मग आतली बाजू ओल पिते, बाहेरची पीत नाही, आणि दर्शनी फळीला बाक येतो. थंडीत खण कोरडा असताना आतून चपड्याच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या. पुढच्या पावसात फरक दिसतो.

पेटी प्लायची किंवा एमडीएफची असेल तर वरचा फुगण्याचा हिशेब लागू नाही. तिथे फुगलं म्हणजे पाणीच शिरलंय. तो तुकडा बदलावा लागेल.

सहावी: रंधा, आणि तोही शेवटी

माझी दुसरी की तिसरी पेटी मी मेमध्ये दिली होती. जुलैत मालकांनी बोलावलं, मी गेलो, आणि खण मेमध्ये चालत होता तसाच चालला पाहिजे या हट्टाने प्रत्येकाचे तीन तीन मिलिमीटर उडवले. मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा खणांच्या वर करंगळी जाईल एवढी फट होती आणि कुलपाची जीभ पट्टीपर्यंत पोचतच नव्हती. चारही खण नव्याने करून दिले. तेव्हापासून नियम पाळतो: पहिल्या पावसाळ्यात रंधा नाही. नवीन पेटी वर्षभर घरातल्या हवेला सरावू द्यायची. दुसऱ्या वर्षीही अडकली तर ऑगस्टच्या शेवटी, लाकूड सर्वांत जास्त फुगलेलं असताना, खडूने जागा शोधायची आणि तेवढीच घ्यायची. जूनमध्ये घेतली तर ऑगस्टला पुन्हा घ्यावी लागते. मार्चमध्ये घ्यायची तर किती हे कळत नाही.

किती घ्यायचं? फुगलेल्या खणाच्या वर एक पोस्टकार्ड सरकेल एवढंच. बाजूच्या फळ्यांच्या वरच्या कडेवरून, खडू पुसला तिथूनच, रंध्याचं पातं अगदी बारीक ठेवून दोन फेऱ्या, मग घालून बघा, मग पुन्हा दोन. कोपऱ्यापाशी दर्शनी फळीचं आडवं लाकूड येतं. रंधा कोपऱ्याकडून आत चालवा, बाहेर नेलात तर कोपरा चिरफाळतो. रंध्याचा सराव नसेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासा. वेळ लागेल, पण चूकही हळूच होईल. खणाच्या डाव्या-उजव्या बाजू घासू नका, तो त्या दिशेला फुगलेलाच नाही. घासलेल्या कोऱ्या कडेवर लगेच मेण द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पेटीवर उरुशीचा थर असेल तर रंधा आणि पॉलिश पेपर खाली ठेवा. उरुशी हा झाडाचा चीक, आपला बिब्बा ज्या कुळातला त्याच कुळातला, आणि अंगावर उतायचा गुणही तोच. पूर्ण वाळलेल्या थराला हात लावल्याने सहसा काही होत नाही, पण घासलेली भुकटी आणि ओला चीक बाधू शकतो. शिवाय उडालेला थर बाजारातल्या कुठल्याही पॉलिशने जुळत नाही.

खणाखाली पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली, किंवा पट्टीवर ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर खण बाजूला राहू द्या. लाकडाला कीड किंवा वाळवी आहे, आधी तिचा बंदोबस्त.

मधली पट्टी झुकलेली, कर्ण पाचर देऊनही जुळत नाहीत, सांगाड्याचा सांधा उघडलेला: हे काम पेटी पूर्ण उघडून करायचं आहे, घरच्या जमिनीवर नाही.

कुलूप लागलेलं आणि किल्ली हरवलेली: पेचकसाने पत्रा उचकटू नका. मागची फळी काढून आतून सोडवता येतं, पण ती फळी कुठल्या क्रमाने काढायची हे माहीत असलेल्या माणसाने.

आणि जिन्याची पेटी, काइदान-दान्सू, जर तुम्ही खरंच चढायला वापरत असाल आणि तिचे खण अडकायला लागले असतील, तर त्याच दिवसापासून चढणं बंद. तिथे अडकलेला खण म्हणजे वरची पायरी खाली येतेय याची खूण असू शकते.

शंभर वर्षांची, कागदपत्रं किंवा कारागिराचा शिक्का असलेली पेटी असेल तर मीही तिला हात लावत नाही. जपानात किरीच्या जुन्या पेट्या धुऊन, चिरा बुजवून, वरचा पातळ थर काढून पुन्हा रंगवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे पाठवता आली तर पाठवा.

सुताराला फोन कराल तेव्हा एवढं तयार ठेवा: खण कोणत्या महिन्यात अडकतो, खडूची खूण कुठे पुसली जाते त्याचा फोटो, भोकाचे दोन्ही कर्ण, आणि आजवर खणाला काय काय लावलं ते खरं खरं. तेल लावलं असेल तर सांगाच, कारण तेलकट लाकूड गोंद धरत नाही. आणि कुणीही, केव्हाही खण घासला, तर त्याच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने महिना, साल आणि किती घेतलं ते लिहून ठेवा. माझ्या पेट्यांवर तुम्हाला ती नोंद सापडेल, मी अर्धा मिलिमीटर घेतला असेल तरीही.